सोयाबीन शेतात, गैरसमज स्वयंपाकघरात

वऱ्हाडी जेवणात कुणी काही नवं करून पाहिलं, की पहिला आक्षेप येतो तो ‘हे आपलं नाही’ असा. नवं करणाऱ्यांचा समज याच्या अगदी उलट टोकाचा असतो. पौष्टिक म्हणून गाजलेली एखादी वस्तू जुन्या पदार्थात घातली, की तो पदार्थ आपोआप सुधारला असं ते धरून चालतात. वाशिम जिल्ह्यात हे दोन्ही समज एकाच पिकावर तपासून पाहता येतात, ते म्हणजे सोयाबीन. जिल्ह्यातल्या खरिपाचं सर्वांत मोठं क्षेत्र त्याचं आहे. तरीही मळणी झाली की जवळपास सगळा माल विक्रीला जातो, आणि घरात परत येतं ते पाकिटातलं तेल, नाहीतर सोयावड्या. ज्या घराच्या शेतात प्रथिनांचा एवढा साठा पिकतो, त्या घराच्या ताटात तो दिसत नाही, याचं कारण परंपरा नाही. हे धान्य शिजवायचं कसं, याची माहितीच घराघरांत पोचलेली नाही.

‘आपलं’ म्हणजे काय, हे आधी पाहू. ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज इथे आल्यानंतर ते आपल्याकडे पोचले. बटाटा, टोमॅटो, मका यांचं मूळही तिकडचंच. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही त्याच खंडातला, आणि आपल्या देशात साबुदाण्याचा उद्योग तमिळनाडूतल्या सेलम भागात वाढला तो 1940 नंतरच्या दशकांत. ज्या ज्वारीच्या भाकरीवर वऱ्हाड उभा राहिला ती ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. तिचा पहिला संकरित वाण, सीएसएच-1, 1964 साली आला आणि गावोगाव ‘हायब्रीड’ची भाकर रुळली. यावर असं म्हणता येईल, की मिरचीला रुळायला शतकं लागली, आजचे बदल मात्र रातोरात होतात. हा आक्षेप खरा आहे. पण त्या काळात निवड कशावर झाली, हेही पाहायला हवं. जी वस्तू पदार्थातलं ठरलेलं काम करू शकली ती टिकली. ती कुठून आली, याला महत्त्व राहिलं नाही.

कळण्याची भाकर हे त्याचं उत्तम उदाहरण. ज्वारीबरोबर सालीसकट उडीद दळला जातो, आणि त्यामागे पक्कं गणित आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, डाळवर्गीय धान्यांत ते भरपूर असतं. दोन्ही एकत्र आली की प्रथिनांचा दर्जा वाढतो. शिवाय ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे भाकर थापताना चिरते, तिथे उडदाचा चिकटपणा कामी येतो. सोयाबीनमध्ये प्रथिनं सुमारे 40 टक्के असतात आणि लायसीनही चांगलं असतं. म्हणून कळण्यातल्या उडदाचा थोडा भाग सोयाबीनने भरून काढणं पोषणाच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. मात्र उडीद पूर्ण काढून टाकला तर भाकर फुटेल, कारण सोयाबीनला तो चिकटपणा नाही.

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आडवा येतो. घरचं सोयाबीन आहे, तर मूठभर कच्चंच दळणात टाकावं, असं अनेकांना वाटतं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला (एन्झाइमला) अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिनं पचायला अडथळा येतो आणि पोटही बिघडतं. ते घटक निकामी होतात उष्णतेने, नुसतं भिजवून पुरत नाही. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळावेत, मग कडक उन्हात वाळवावेत आणि नंतरच दळावेत. सोयाबीनला जो कच्चट वास येतो, आणि ज्यामुळे घरातली माणसं पहिल्याच घासाला ताट सरकवतात, त्यावरही इलाज हाच. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर तो वास तयार करतं; अख्खा दाणा आधी उकळला तर ते विकर आधीच मरतं. दाण्यात तेल सुमारे 20 टक्के, म्हणून एकटं सोयाबीन चक्कीच्या दगडाला चिकटतं. ते ज्वारी किंवा गव्हात मिसळून दळावं, एका भागाला नऊ भाग. तेलामुळे हे पीठ लवकर खवट होतं, तेव्हा दळण थोडंच करावं. आणि एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी: पेरणीतून उरलेलं, बुरशीनाशक लावलेलं बियाणं कितीही धुतलं तरी खाण्यात वापरायचं नाही.

बेसनाच्या जागी सोयापीठ घालून झुणका किंवा पातोडी करायची सूचना बरेचदा दिली जाते. ती फसते, कारण हरभऱ्यात भरपूर पिष्ट असतं, तेच शिजून घट्टपणा देतं. सोयाबीनमध्ये पिष्ट जवळजवळ नसतंच. पाव हिस्सा सोयापीठ आणि बाकी बेसन घेतलं तर पातोडीच्या वड्या पडतात आणि रश्श्यात टिकतात.

सोयाबीन खाल्ल्याने पुरुषांची संप्रेरकं बिघडतात, ही भीतीही ऐकू येते. त्यात इस्ट्रोजेनशी साम्य असणारी वनस्पतिजन्य द्रव्यं असतात हे खरं, पण माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्या लोकांनी: सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावं, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोयाबीन यांत अंतर ठेवावं, कारण गोळी शोषली जाण्यात अडथळा येऊ शकतो.

जिल्ह्यात अलीकडे रब्बीत चियाची लागवड होऊ लागली आहे, आणि चियाबद्दलही तोच उत्साह आहे. चिया म्हणजे सब्जा नव्हे. सब्जा तुळशीच्या कुळातल्या वेगळ्या झाडाचं बी, चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा. तो वजनाच्या दहापटीच्या आसपास पाणी धरतो, म्हणून कोरडा चमचाभर गिळणं धोक्याचं, भिजवूनच घ्यावा. त्याची ख्याती आहे ती ओमेगा-3 या मेदाम्लासाठी. पण वऱ्हाडात पिढ्यान्पिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या जवसाच्या तेलातही निम्म्याच्या आसपास तेच मेदाम्ल असतं. अख्खा जवस पचनमार्गातून जसाच्या तसा निघून जाऊ शकतो. भाजून कुटला की त्यातलं शरीराला मिळतं, आणि जवसाच्या चटणीत नेमकं तेच घडतं. चियाला भाव चांगला मिळत असेल तर शेतकऱ्याने तो अवश्य विकावा. घरच्या ताटासाठी मात्र बाजारातून महागडी पाकिटं आणण्याची गरज नाही. कळण्याच्या भाकरीत उकळलेलं सोयाबीन आणि सोबत जवसाची चटणी, एवढा बदल याच मातीतल्या धान्यात होतो.