तोट्यात गेलेल्या कालव्याच्या काठाने

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात डोंगरांच्या कुशीत कंबरलँड नावाचे एक लहानसे शहर आहे. एकेकाळी दगडी कोळशाच्या व्यापारामुळे नावारूपास आलेल्या या गावातून पोटोमॅक नदीच्या काठाने एक जुना कालवा निघतो आणि १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर अंतर कापून राजधानी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात पोहोचतो. त्याचे नाव चेसापीक अँड ओहायो कालवा. मालाची नाव या कालव्यातून जाऊन आता शंभर वर्षे उलटली. मात्र नावा ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत, ती काठावरची सपाट मातीची वाट अजून टिकून आहे. आज तिच्यावरून सायकली धावतात.

एका सप्टेंबरच्या अखेरीस पाच मित्र या वाटेवर उतरले. महाविद्यालयातील वसतिगृहात एका मजल्यावर राहिलेले, आता पन्नाशी ओलांडलेले. तिघे नोकरीच्या निमित्ताने मेरीलँड आणि व्हर्जिनियात स्थिरावलेले, चौथा पुण्यातील डॉक्टर आणि पाचवा बार्शीच्या बाजारपेठेतील कापडाचा व्यापारी. सहलीला यावे की नाही, हा प्रश्न फक्त पाचव्यालाच पडला होता.

त्याचे दुकान तीन पिढ्यांचे. आजोबांनी गाठोडी पाठीवर घेऊन आठवडी बाजार केले, वडिलांनी पेढीला नाव मिळवून दिले. गेली चार वर्षे मात्र ताळेबंद तोट्याचा होता. गिऱ्हाईक मोठ्या शहरातील दालनांकडे आणि मोबाइलवरील खरेदीकडे वळले होते. मुलगा पुण्यात नोकरीत रमला होता. गोदामाचे भाडे दुकानात गेले, पत्नीच्या नावावरील ठेव गेली आणि आता दिवाळीचा माल भरण्यासाठी राहते घर तारण ठेवायचे, एवढाच मार्ग उरला होता. बँकेचे कागद तयार होते. सही तेवढी बाकी होती.

“अरे, सीझन तोंडावर असताना मी सायकल काय चालवत बसू?” असे त्याने फोनवर विचारले तेव्हा डॉक्टर मित्राने उत्तर दिले, “सही परत आल्यावर कर. सहा दिवसांनी कागद काही पळून जात नाहीत.”

एकाच दिवशी दोन मुहूर्त

या कालव्याची कथा कोणत्याही व्यापारी माणसाने ऐकावी अशी आहे. ॲलेगेनी पर्वतापलीकडच्या ओहायो खोऱ्याचा व्यापार पूर्व किनाऱ्याकडे वळवायचा, हे त्या काळच्या अमेरिकेचे मोठे स्वप्न होते. त्यासाठी ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते कालव्याच्या कामाचा शुभारंभ झाला. त्यांचे फावडे एका मुळाला अडले. दोन-तीनदा प्रयत्न करूनही ते आत जाईना, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी अंगातला कोट काढला, नेटाने माती उपसली आणि जमलेल्या लोकांनी जल्लोष केला.

त्याच दिवशी जवळच्या बाल्टिमोर शहरात दुसरा एक शुभारंभ होत होता. तिथे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला जात होता. दोन्ही कंपन्यांचे लक्ष्य एकच, ओहायो. नदीकाठच्या एका अरुंद चिंचोळ्या जागेवरून दोघींत न्यायालयीन वादही झाला. १८३२ मध्ये त्यात कालवा कंपनी जिंकली. परंतु खटला जिंकणे आणि बाजार जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी असतात. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालवा पोहोचला १८५० मध्ये, आठ वर्षे उशिरा. सुरुवातीला सुमारे ४५ लाख डॉलरचा अंदाज होता. प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीहून पुष्कळ अधिक झाला. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत अनेक मजूर दगावले, त्यांत दूरच्या आयर्लंडहून पोटासाठी आलेले कितीतरी होते. कंबरलँडच्या पुढे कालवा कधीच गेला नाही. नावात ‘ओहायो’ राहिले, पण ओहायो नदीचे पाणी त्याने पाहिले नाही.

पॉ पॉचा बोगदा

पहिल्या दिवशी सुमारे ४८ किलोमीटर अंतर कापून मित्र पॉ पॉच्या बोगद्यापाशी आले. या भागात नदी इतकी वळणे घेते की, तिच्या काठाने जाण्याऐवजी डोंगर फोडून जाणेच अभियंत्यांना सोयीचे वाटले. बोगद्याची लांबी ३,११८ फूट. आत अंधार, ओलावा, एका बाजूस लाकडी कठडा आणि त्याखाली काळेभोर पाणी. सायकलवरून उतरून, दिवे लावून, एकामागे एक असे चालावे लागते. भिंतींवर हात फिरवला की, विटा लागतात. सुमारे साठ लाख विटा या बोगद्याच्या अस्तरासाठी लागल्या.

काम १८३६ मध्ये सुरू झाले. दोन वर्षांत ते संपेल असे ठेकेदाराने सांगितले होते. खडक कच्चा निघाला, मजुरांचे पगार थकले, मारामाऱ्या झाल्या, ठेकेदाराचे दिवाळे निघाले, काम मध्येच काही वर्षे बंद पडले. बोगदा पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली.

बोगद्याच्या मध्यावर पुढच्या तोंडाचा उजेड लहानशा नाण्याएवढा दिसतो. तिथे व्यापारी मित्र थांबला. “चौदा वर्षांत यांना एकदाही वाटले नसेल का, की रेल्वे पुढे निघून गेली आहे?” त्याने विचारले.

“वाटले असेल,” इंजिनिअर मित्र म्हणाला. “पण आधी घातलेला पैसा डोळ्यांसमोर असतो ना. तो बुडू नये म्हणून माणूस आणखी घालत जातो.”

यावर कोणी काही बोलले नाही. दुकानाचा विषय निघाला नव्हता; तरीही तो निघाला आहे, हे पाचही जणांना कळले होते.

बाहेर आल्यावर संध्याकाळच्या उन्हात वाटेवर पडलेली हिरवट-पिवळी फळे दिसली. हीच पॉ पॉ. हिच्यावरूनच जवळच्या गावाला नाव पडले. ही झाडे आपल्या सीताफळाच्या कुळातली. गर मऊ, चव पिकल्या केळ्याच्या जवळची, आत काळसर टपोऱ्या बिया. बिया पाहताच व्यापारी मित्राला घरच्या परसातले सीताफळ आठवले. त्या दिवसात तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला, ते या फळापाशी.

लॉक आले की थांबायचे

कंबरलँड ते जॉर्जटाउन या वाटेत भूमी ६०५ फूट उतरते. एवढा उतार नावांनी कसा उतरायचा? त्यासाठी कालव्यावर ७४ लॉक बांधले आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दगडी भिंतींच्या हौदासारख्या जागेत नाव घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी खाली सोडायचे, नाव पाण्यासोबत अलगद सुमारे आठ फूट उतरली की, पुढचे दार उघडायचे. दाराशी राहणाऱ्या रखवालदाराला कंपनीकडून घर, परसबागेपुरती जमीन आणि पगार मिळे. रात्री-अपरात्री नावाड्याने शिंग फुंकले की, त्याला उठावेच लागे. त्यांपैकी अनेक दगडी घरे आजही वाटेवर उभी आहेत.

नाव ९२ फूट लांबीची. तिच्यात शंभराहून अधिक टन कोळसा मावे आणि ती ओढायला दोन खेचरे पुरत. नावाड्याचे कुटुंब नावेवरच राही. थकलेली खेचरे नावेच्या पुढच्या भागातील तबेल्यात विसावत आणि ताजी जोडी वाटेवर येई. लहान मुले खेचरांबरोबर मैलोन् मैल चालत.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. ज्या वाटेवर आदल्या दिवशी सायकली सुरळीत धावल्या, तीच वाट चिखल झाली. साखळीत माती, ब्रेकमध्ये पाने. त्यातच इंजिनिअर मित्राचा गुडघा सुजला. दोघे पुढे निघून गेले आणि मागचे तिघे दीड तास त्यांना शोधत राहिले. फोनला रेंज नव्हती. भेट झाली तेव्हा आवाज चढले. तीस वर्षांच्या मैत्रीत कधी निघाले नव्हते असे शब्द निघाले. डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टी बांधली, एकाने डब्यातला खाकरा आणि मेतकूट पुढे केले आणि मग सगळ्यांनी मिळून एक नियम केला: लॉक आले की थांबायचे, पाचवा आल्याशिवाय पुढचे पायडल मारायचे नाही.

या नियमाने वेग कमी झाला, पण प्रवास सुधारला. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी काहीतरी पाहू लागले. कोरड्या पडलेल्या कालव्याच्या पात्रात वाढलेली उंच झाडे, जिथे पाणी आहे तिथे ओंडक्यावर ओळीने ऊन खात बसलेली कासवे, एका पायावर ध्यानस्थ उभा असलेला राखी-निळा बगळा. वाटेत ठरावीक अंतरावर मुक्कामाच्या जागा आहेत. तंबू ठोकायला सपाट जमीन आणि पाण्यासाठी हापसा. “हापसा इथेही आहे म्हणजे आपण घरीच आहोत,” असे म्हणत व्यापारी मित्र आळीपाळीने सर्वांच्या बाटल्या भरून देई.

न्यायमूर्तींचे आमंत्रण

कालव्याचे दिवस तसे वाईटच गेले असे नाही. १८७० नंतरच्या काही वर्षांत कोळशाची वाहतूक जोरात होती आणि असंख्य कुटुंबांची चूल या पाण्यावर पेटत होती. पण १८८९ च्या महापुराने कालवा उद्ध्वस्त केला आणि त्याचा ताबा प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीकडेच गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ मध्ये सरकारने २० लाख डॉलर देऊन तो विकत घेतला. पुढे या जागेवरून मोटारींचा रस्ता काढण्याची योजना पुढे आली आणि १९५४ च्या जानेवारीत ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला.

तो अग्रलेख सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या वाचनात आला. ते स्वतः या वाटेने नेहमी चालत. त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांना आमंत्रण दिले: माझ्याबरोबर ही संपूर्ण वाट चालून पाहा आणि मग मत बनवा. संपादकांनी ते स्वीकारले. २० मार्च १९५४ रोजी कंबरलँडहून पन्नासच्या वर माणसे निघाली. आठ दिवसांनी संपूर्ण अंतर चालून पोहोचलेले फक्त नऊ जण होते, न्यायमूर्ती त्यांत एक. पायांना फोड आलेल्या संपादकांनी शेवटपर्यंत साथ दिली नाही, तरी वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली. रस्ता झाला नाही. १९७१ मध्ये ही वाट राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून कायद्याने सुरक्षित झाली.

पाचव्या दिवशी मोनोकसी नदीवरच्या सात कमानींच्या दगडी जलसेतूवर बसून मित्रांनी ही हकीकत एकमेकांना सांगितली. १८३३ मध्ये पूर्ण झालेला हा सेतू यादवी युद्धात सुरुंगाने उडवण्याचा प्रयत्न झाला होता. तो फसला, इतके काम पक्के. खालून नदी वाहत होती, वरून कधीकाळी नावा गेल्या होत्या, आता एक आई दोन मुलांना सायकल शिकवत होती.

व्यापारी मित्र बराच वेळ कमानींकडे पाहत होता. “बांधणाऱ्यांनी काम खोटे केले नव्हते,” तो म्हणाला. “काळ दुसरीकडे गेला. आजोबांनी आणि वडिलांनीही खोटे केले नाही. मला वाटत होते, दुकान बंद करणे म्हणजे त्यांना खोटे ठरवणे.”

“आणि घर तारण ठेवणे?” डॉक्टरांनी विचारले.

“तो माझा बोगदा,” तो म्हणाला.

शून्य मैल

कंबरलँडपासून पश्चिमेकडे पिट्सबर्गपर्यंत जुन्या रेल्वेमार्गांच्या जागेवर सुमारे १५० मैलांची सायकलवाट तयार झाली आहे. ती २०१३ मध्ये पूर्ण झाली. पिट्सबर्ग म्हणजे ओहायो नदीचा उगम. ज्या ठिकाणी कालव्याला पोहोचायचे होते, तिथे रेल्वेने सोडलेल्या जमिनीवरून आज सायकलने जाता येते.

सहाव्या दिवशी दुपारच्या आत पाचही जण जॉर्जटाउनला पोहोचले. रॉक क्रीक नावाचा ओढा पोटोमॅकला मिळतो तिथे, एका कोपऱ्यात, शून्य मैलाचा दगड आहे. समारंभ नाही, गर्दी नाही. इंजिनिअर मित्र शेवटी आला. चौघे त्याच्यासाठी थांबले होते. फोटो काढून झाले.

व्यापारी मित्राने सायकल भिंतीला टेकवली आणि बार्शीला फोन लावला. तिकडे दुकान वाढवण्याची वेळ झाली होती. तीस वर्षे पेढीवर असलेल्या मुनीमजींनी फोन उचलला.

“मुनीमजी, यंदा नवी खरेदी करायची नाही. बँकेला मी येऊन कळवतो. आहे तो माल दिवाळीत काढू. आलेल्या पैशातून आधी नोकरमाणसांचे द्यायचे, मग व्यापाऱ्यांचे. कोणाचा रुपया राहता कामा नये. तुमचे काय करायचे ते मी आल्यावर आपण दोघे बसून ठरवू.”

पलीकडे काही वेळ आवाज नव्हता. मग मुनीमजींनी विचारले, “शेठजी, मग यंदा पाडव्याला नव्या वह्या आणायच्या का?”

“आणा,” तो म्हणाला. “हिशेब तर शेवटपर्यंत लिहायचा आहे.”