बोलका ढोल आणि आपलें चौंडकें

पलुसाकडील माणसाला चौंडकें दाखवावें लागत नाहीं. त्याच्या आवाजावरूनच तो तें ओळखतो. यल्लमाच्या जोगत्याजोगतिणींचें हें वाद्य. सांगली जिल्ह्यांत जत येथें मार्गशीर्षांत देवीची यात्रा भरते, तेथें तें हमखास ऐकूं येतें. एक नळकांडें, त्याचें एक तोंड कातड्यानें मढविलेलें, आणि कातड्याच्या मध्यांतून ओवलेली तात. नळकांडें काखेंत धरावयाचें, डाव्या हातानें तात ताणावयाची आणि उजव्या हातानें छेडावयाची. ताण वाढला कीं सूर चढतो, सैल पडला कीं उतरतो.

आफ्रिकेंत, नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागांत, योरुबा लोकांचा ‘डुंडुन’ नांवाचा ढोल आहे. तोहि काखेंतच धरतात. आकार डमरूसारखा, दोन्ही तोंडांवरील कातडीं चामड्याच्या दोऱ्यांनीं एकमेकांस जोडलेलीं. ढोल दाबला कीं दोऱ्या ताणल्या जातात आणि वांकड्या काठीच्या आघाताबरोबर चढा सूर निघतो. तत्त्व एकच, परंतु चौंडकें गाण्याला साथ देतें, आणि डुंडुन चक्क बोलतो!

हा फरक वाद्याचा नव्हे, भाषेचा आहे. मराठींत ‘पाणी’ हा शब्द चढ्या सुरांत म्हटला तर फार तर प्रश्न होईल. पाण्याचें दूध होणार नाहीं. योरुबा भाषेंत मात्र उच्च, मध्यम आणि नीच असे ३ सूर शब्दाच्या अर्थांतच मुरलेले असतात. ‘ऑकॉ’ हा शब्द सरळ मध्यम सुरांत म्हटला तर नवरा, शेवट चढविला तर कुदळ, आणि उतरविला तर होडी. ढोलाला अक्षरें उच्चारतां येत नाहींत. सुरांची ही चाल मात्र तो हुबेहूब काढतो.

यावर कोणी विचारील, एकाच चालीचे शब्द पुष्कळ असणार. त्यांतला नेमका कोणता समजावयाचा? म्हणूनच वादक सुटा शब्द सहसा वाजवीत नाहीं. सर्वांस ठाऊक असलेल्या म्हणी आणि ‘ओरिकी’ नांवाचीं घराण्यांचीं स्तुतिवचनें तो वाजवितो, आणि ऐकणारा संदर्भावरून अर्थ ओळखतो. राजवाड्यांत आलेल्या पाहुण्याची वर्दी याच ढोलानें देण्याची चाल आहे. नायजेरियाच्या नभोवाणीनेंहि आपली खूण म्हणून याचा बोल वापरला.

आपल्याकडे दवंडीची हलगी ‘ऐका’ एवढेंच सांगे. पुढचा मजकूर माणसाच्या तोंडून येई. डुंडुन मजकूरच सांगतो, पण अर्धा. उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या स्मरणांत असावा लागतो. ज्या घरांतून मुलांच्या कानांवर त्या म्हणी पडेनाशा होतील, त्या घरापुरता हा ढोल वाजत राहील, बोलणार नाहीं.