महागड्या वायरीने हमिंग जात नाही

स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज येऊ लागला की पहिला संशय वायरीवर जातो, आणि दुकानदार सोनेरी टोकांची, बोटाएवढी जाड वायर पुढे करतो. खरं तर आवाजाची स्वच्छता वायर कोणत्या धातूची आहे यापेक्षा ती कशाला आणि कशी जोडली आहे यावर जास्त ठरते. वीज वाहून नेण्यात चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्क्यांनी सरस आहे आणि सोनं तर तांब्याच्याही मागे. पिनेवर सोन्याचा मुलामा असतो तो गंजू नये म्हणून. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तो कामाला येतो. आवाज गोड करणं हे त्याचं काम नव्हे.

हमिंग येतं ते बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेतून. सभागृहात लॅपटॉपचा थ्री पिन चार्जर स्टेजवरच्या सॉकेटमध्ये आणि मिक्सर मागच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असला, की दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जातं. ऑडिओ वायरीवरची तांब्याची जाळी या दोन वाटा जोडते, त्या फेऱ्यात किंचित प्रवाह खेळतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. चार्जर काढला आणि आवाज थांबला तर दोष इथेच आहे हे नक्की. मग वायर चांदीची आणली तरी फेरा तसाच राहणार. माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर वायरीत मात्र सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो, मिक्सर दोन्हींमधला फरक तेवढा घेतो आणि गोंगाट वजा होतो. गोंगाट दोन्हींत सारखाच शिरावा म्हणून तारांची जोडी पिळून वापरण्याचं पेटंट ग्रॅहम बेलने टेलिफोनसाठी १८८१ मध्येच घेतलं होतं. या वजाबाकीमुळेच माइकचे काही मिलिव्होल्ट पन्नास मीटर धडपणे जातात. लाल-पांढऱ्या आरसीए पिनांना ही सोय नाही. त्या टीव्हीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच बऱ्या.

मग सगळ्या वायरी सारख्याच का? नाही. स्पीकरच्या वायरीची जाडी खरंच मोजावी लागते. अर्ध्या एमएमची वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ ओहम रोध होतो आणि चार ओहमच्या स्पीकरला मिळणारी पॉवर पाव भागाहून जास्त घटते. इलेक्ट्रिशियनकडच्या साध्या अडीच एमएम वायरीत ही घट सहा-सात टक्क्यांवर येते. इलेक्ट्रिक गिटारची वायर फार लांब झाली तर वरच्या पट्टीतली चमक कमी होते, हेही खरं. पण या दोन्ही गोष्टी मोजता येतात आणि दोन्हींचा उपाय स्वस्त आहे.

‘आम्हाला महाग वायरीने फरक ऐकू आला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. जुनी पिन उपसून नवी खोचताना सॉकेटवरचा मळ खरवडला जातो, आणि नंतर व्हॉल्यूम किंचित वर राहिला तरी कानाला आवाज सरस वाटतो. व्हॉल्यूम मोजून सारखा ठेवावा आणि कोणती वायर लावली आहे ते ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. त्यानंतरही फरक ओळखता आला तर दावा मानावा.

हमिंग घालवायला अर्थिंगची पिनच तोडायची, हा काही मंडपांतला तोडगा मात्र जिवावर बेतू शकतो. यंत्रात शॉर्ट झालं तर माइकची धातूची दांडी हातात धरलेल्या माणसाला झटका बसतो. त्यापेक्षा लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. तेवढ्याने भागलं नाही तर मधे ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स लावावा. त्यात सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पुढे जातो, आणि स्विचने जाळीची जोडणी तोडली की फेरा तुटतो. विजेचं अर्थिंग जागच्या जागी राहतं.