प्रजापतीच्या चंद्रांचीं नांवें

मंगळ व गुरु यांच्या चंद्रांस ग्रीक आणि रोमन लोकांच्या पुराणकथांतील नांवें आहेत. परंतु आमच्या पंचांगांत ज्यास हर्षल म्हणतात, त्या प्रजापति ग्रहाचे चंद्र मात्र इंग्रजी काव्यनाटकांतील नांवें धारण करितात. हें कसें घडलें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विल्यम हर्शल हा मूळचा हॅनोव्हरचा. इंग्लंडांतील बाथ शहरीं तो गायनवादनावर निर्वाह करी आणि रात्रीं स्वतः घडविलेल्या दुर्बिणीनें आकाश न्याहाळी. १७८१ च्या मार्च महिन्यांत त्यास हा ग्रह सांपडला. ग्रहास राजा तिसरा जॉर्ज याचें नांव द्यावें, अशी त्याची इच्छा होती. परंतु इंग्लंडाबाहेर तें रुजलें नाहीं. पुढें १७८७ सालीं त्यानेंच या ग्रहाचे दोन चंद्र शोधिले, व १८५१ सालीं लॅसेल यानें आणखी दोन शोधिले.

या चौघांचें बारसें विल्यमचा पुत्र जॉन हर्शल यानें केलें. पित्यानें राजाकडे पाहिलें होतें; पुत्र कवींकडे वळला. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम' नाटकांतील पऱ्यांचा राजा ओबेरॉन व राणी टायटॅनिया यांचीं नांवें पहिल्या दोघांस मिळालीं. एरियल व अंब्रियल हे पोप कवीच्या एका विनोदी काव्यांतील अदृश्य जीव. सुंदर तरुणीच्या केसांची बट कापली गेली, एवढाच त्या काव्याचा विषय! एरियल हा 'टेंपेस्ट' नाटकांतही आहे. म्हणून सर्व नांवें शेक्सपिअरचींच, असा पुष्कळांचा समज होतो. तो बरोबर नाहीं.

१९४८ सालीं क्यूपर यास पांचवा चंद्र दिसला. त्यास 'टेंपेस्ट'मधील मिरांडा हें नांव मिळालें, आणि प्रघात दृढ झाला. व्हॉयेजर-२ हें यान १९८६ च्या जानेवारींत तेथून गेलें, तेव्हां सांपडलेल्या लहान चंद्रांत कॉर्डेलिया, ऑफेलिया, ज्युलिएट, डेस्डेमोना या नायिका जाऊन बसल्या.

एक योगायोग मोठा मौजेचा आहे. अंब्रियल या नांवांत छायेचा अर्थ आहे, आणि पांच मोठ्या चंद्रांत तोच सर्वांत काळसर आहे. सर्वांत उजळ तो एरियल. नांवें ठेवितांना हें कोणास ठाऊक होतें?

विद्यार्थीमित्रहो, गणित आवडणाऱ्यानें काव्य टाकावें व काव्य आवडणाऱ्यानें गणितास भ्यावें, असें आम्ही वारंवार पाहतों. ज्यानें हा ग्रह शोधिला तो संगीताचा शिक्षक होता, आणि ज्यानें चंद्रांस नांवें दिलीं तो ज्योतिषी काव्याचा वाचक होता, एवढें ध्यानांत ठेवावें.