छताचे अस्तर का लोंबते?

आमच्याकडे एक जुनी मोटार होती. एका मे महिन्यात तिच्या छताचे कापड मागच्या बाजूने सुटून खाली आले आणि आरशातून मागचा रस्ता दिसेनासा झाला. आम्ही चिकटद्रव्य आणून कापड दाबून चिकटवले. चार दिवसांत ते पुन्हा लोंबले आणि पुन्हा ओढून बसवताना फाटले. फाटलेल्या जागेत बोट घातले, तेव्हा बोटाला तपकिरी भुकटी लागली. आमची चूक तिथे समजली.

मोटारीच्या पत्र्याखाली एक साच्यात दाबून आकार दिलेला पुठ्ठा असतो. त्याला फोमचा पातळ थर आणि फोमला कापड चिकटवलेले असते. कापड सुटते, तेव्हा बहुधा कापडही शाबूत असते आणि पुठ्ठाही. मेलेला असतो तो मधला फोम. भुकटीला कापड चिकटवले, तर ते कशाच्या आधाराने राहणार?

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. त्याच्या काही प्रकारांतील लांब रेणुसाखळ्यांमध्ये एस्टर बंध असतात. हवेतील बाष्पामुळे हे बंध हळूहळू तुटतात, म्हणजेच जलअपघटन होते. त्यातून आम्ल तयार होते आणि तेच आम्ल पुढची क्रिया अधिक वेगाने घडवते. ईथर बंध असलेला फोम पाण्याला दाद देत नाही, पण उष्णता व ऑक्सिजन त्याला पोखरतात. उन्हात उभ्या मोटारीचे छत हाताला चटका देते, त्यामुळे दोन्ही क्रिया तिथे जोरात चालतात. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे काही वर्षांनी आपोआप चुरा होतात, त्यामागेही हेच कारण असते.

त्याहून जुन्या अनेक मोटारींत फोम नसतोच. तारेच्या कमानींवर रेक्झिन ताणून बसवलेले असते. पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जाते आणि कडक झालेले रेक्झिन ताणामुळे फाटते. त्याला मागून ठिगळ लावता येते, पण आजूबाजूचा भागही ठिसूळ झालेला असतो हे विसरू नये.

पुठ्ठ्याच्या अस्तराची खरी दुरुस्ती अशी : बॅटरीची ऋण तार सोडून छतावरचा दिवा, ऊन अडवणाऱ्या झडपा आणि कडेच्या पट्ट्या काढायच्या. पुठ्ठा न वाकवता बाहेर घ्यायचा. कापड सोलून, नाकाला फडके बांधून, मऊ ब्रशने सगळी भुकटी झाडायची. हेच काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. मग पाठीला फोम असलेले नवे कापड, उष्णता सोसणाऱ्या चिकटद्रव्याने, मध्यापासून कडांकडे दाबत बसवायचे. नव्या मोटारींत छताच्या कडेला एअरबॅग असू शकतात. तिथे हात न घालता काम गॅरेजवर सोपवावे.

चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठांवर लावून थोडे सुकू द्यावे लागते. का, ते वर्गात दाखवता येईल. जाड कापडाच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या घ्या. चप्पल-बुटांसाठी वापरतात ते चिकटद्रव्य दोन्हींना लावा. एक जोडी ओली असतानाच चिकटवा, दुसरी दहा मिनिटांनी, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशी झाल्यावर. लगेच दोन्हींना सारखी वजने टांगा. ओली जोडी आधी घसरेल, कारण दोन थरांमध्ये द्रावक अडकलेला असतो. दुसरीत द्रावक उडून गेलेला असतो आणि दोन्ही पृष्ठांवरच्या रबराच्या साखळ्या दाबताच एकमेकींत शिरतात. द्रावकाची वाफ पेट घेते आणि अपायकारक असते. म्हणून प्रयोग उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि शिक्षकांच्या हातूनच व्हावा.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा : एखादा जोड सुटला, तर नेमका कुठला थर तुटला? आम्ही तो प्रश्न आधी विचारला असता, तर कापड फाटले नसते.