काचेच्या नाकातला नेव्हिगेटर

शिरूरहून दौंडला विमान सरळ रेषेत निघालं, तर अंतर साधारण 45 किलोमीटर. ताशी 720 किलोमीटर वेगाने ते चार मिनिटांच्या आत संपतं. आता हीच चार मिनिटं युद्धकाळातल्या रात्रीची आहेत असं समजा. गावागावांत दिवे विझवलेले. घोड नदी मागे पडली, भीमा पुढे आली, आणि मनमाडकडे जाणारा लोहमार्ग जिथे भीमा ओलांडतो तिथे दौंड. नकाशा, घड्याळ आणि नदीची वळणं यांच्या आधारे ‘आपण आत्ता इथे आहोत’ हे सांगणारा माणूस म्हणजे बॉम्बफेकी विमानातला नेव्हिगेटर.

भारताने 1957 मध्ये घेतलेल्या कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानांत सगळं काम दोनच माणसांत वाटलेलं असे. पुण्याच्या लोहगाव तळावरही ही विमानं होती. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली. नेव्हिगेटर खाली, विमानाच्या नाकात. लक्ष्य जवळ आलं की तो पोटावर आडवा होई आणि पुढच्या काचेतून नेम धरी.

तो नेम मोठा विलक्षण! दोन हजार मीटरवरून सोडलेल्या बॉम्बला जमीन गाठायला सुमारे 20 सेकंद लागतात. सुटतानाच त्याच्या अंगात विमानाचा वेग असतो, सेकंदाला 200 मीटर. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर तो चार किलोमीटर पुढे जाऊन पडतो. म्हणजे बॉम्ब सोडायचा तो लक्ष्य चार किलोमीटर लांब असताना. एका सेकंदाचा उशीर झाला की नेम 200 मीटरने चुकला. त्यात वाऱ्याचा हिशेब वेगळाच. शिवाय नेम साधेपर्यंत विमान सरळ, एका पातळीत ठेवावं लागे. शत्रूच्या तोफांना तेव्हाच ते सर्वांत सोपं सापडे.

आणि या विमानाच्या बॉम्बफेकी प्रकारात, बी(आय)58 मध्ये, संकटात बाहेर फेकणारं आसन फक्त वैमानिकाला होतं. नेव्हिगेटरने बाजूच्या दारापर्यंत सरकत जायचं आणि पॅराशूटसह उडी टाकायची. कोसळत्या, गरगरणाऱ्या विमानात त्याला तेवढा वेळ मिळेलच असं नसे.

21 सप्टेंबर 1965. भारत-पाकिस्तान युद्धातला युद्धविराम अवघ्या दोन दिवसांवर आला होता. मोहिमेवर गेलेलं एक कॅनबेरा पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाने क्षेपणास्त्र सोडून पाडलं. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट मनमोहन लोव आसनासह बाहेर फेकले गेले आणि युद्धकैदी झाले. नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर कपूर यांना वीरमरण आलं.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात 2019 पासून स्वतंत्र भारताच्या पंचवीस हजारांहून अधिक शहिदांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. त्यांच्यापुढे मान आपोआप झुकते. पण कपूर यांच्यासारख्या माणसाचं काम समजून घेतलं, तर त्या आदराला खोली येते. बाहेर पडायची वाट अवघड आहे हे ठाऊक असताना तो काचेत आडवा होई आणि डोकं शांत ठेवून गणित करी. धैर्य हिशेबातही असतं, हे त्याच्याकडून शिकावं.

म्हणून शिरूर-दौंडच्या शाळांनी दरवर्षी 21 सप्टेंबरला भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर हेच वीस सेकंदांचं गणित मांडावं. मुलांनी ते स्वतः सोडवावं, आणि मग शिक्षकांनी सांगावं की हे गणित शत्रूच्या आकाशात, अंधारात कोण सोडवत होतं.