बारा आरे, चोवीस काप आणि अंशाचा दहावा भाग

जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे तोफगाडे तयार करणारा कारखाना, १९०४ साली उभारली गेली, तेव्हा मुंबई, मद्रास आणि फत्तेगड येथे विखुरलेले हे काम एका ठिकाणी आणण्यात आले. आणि १८७० पासून मुंबई व कलकत्ता या दोन्ही बंदरांशी लोहमार्गाने जोडल्या गेलेल्या, सागवानाच्या रानांजवळ वसलेल्या या शहराला अशा कारखान्यासाठी लागणारी वाहतूक आणि लाकूड ही दोन्ही साधने हाताशी होती. तोफेची नळी धातूची असली, तरी तिला रणांगणावर नेणाऱ्या गाड्याची चाके त्या काळी लाकडीच असत, आणि त्या चाकांत सुताराच्या कोनज्ञानाची जी परीक्षा होई तिच्यातून आजच्या लहान सुतारकारखान्यातील एका साध्या दिसणाऱ्या उपकरणाचे, मायटर गेजचे, मर्म नेमके उलगडते.

मराठी मुलखात बैलगाडीच्या चाकाचे भाग सर्वांच्या परिचयाचे आहेत : मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांची बाहेरची टोके धरून ठेवणारे कमानदार पाटे आणि या सर्वांना आवळणारी लोखंडी धाव. मद्रासच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि ब्रिटिश तोफखान्यात रूढ झालेल्या चाकात लाकडी तुंब्याची जागा धातूच्या दोन चकत्यांनी घेतली होती, आणि आऱ्यांची आतली टोके पाचरीसारखी निमुळती कापून, कमानीतील दगड एकमेकांना रेटून उभे राहतात तशी, परस्परांना भिडवून त्या चकत्यांमध्ये आवळलेली असत. असे बारा आऱ्यांचे चाक धरले, तर प्रत्येक पाचरीच्या वाट्याला ३० अंश येतात, तिची प्रत्येक बाजू आऱ्याच्या मध्यरेषेपासून १५ अंश कललेली असते, आणि बारा आऱ्यांचे मिळून चोवीस काप होतात. प्रत्येक काप १५ ऐवजी १५.१ अंशांचा झाला, तर एकेका आऱ्याकडे पाहून कोणालाही दोष दिसणार नाही; परंतु चोवीस कापांची बेरीज ३६२.४ अंश होत असल्याने शेवटचा आरा जागेवर बसणारच नाही, आणि काप १४.९ अंशांचे झाले, तर शेवटी २.४ अंशांची फट उरेल. वर्तुळाला ३६० अंशांपेक्षा कमी किंवा अधिक काही चालत नाही, म्हणून लहान चूक त्याच्यात लपून राहत नाही, ती गोळा होऊन शेवटच्या सांध्यात प्रकट होते.

हाच हिशेब आज टेबल सॉवर काम करणाऱ्या सुतारासमोर असतो. टेबल सॉ म्हणजे सपाट लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या टेबलाच्या मधून वर आलेली, मोटरीवर फिरणारी चक्री करवत. लाकूड तिच्यावर सरकवून कापले जाते. लाकडाच्या रेषेला समांतर, म्हणजे उभे चिरायचे असेल, तर बाजूच्या लांब आधारपट्टीला लाकूड टेकवतात. रेषेला आडवे किंवा तिरके कापायचे असेल, तेव्हा मायटर गेज लागते. त्याचे भाग तीन : टेबलातील खाचेतून मागेपुढे सरकणारी धातूची पट्टी, त्या पट्टीवर खिळीभोवती फिरणारे अंशांच्या खुणा असलेले अर्धवर्तुळाकार डोके, आणि लाकूड ज्याला टेकवायचे तो डोक्याचा सपाट दर्शनी भाग. चौकटीच्या कोपऱ्यात दोन लाकडे प्रत्येकी ४५ अंशांत कापून जोडतात त्या तिरक्या सांध्याला मायटर म्हणतात, आणि त्यावरूनच गेजला हे नाव मिळाले आहे.

काटकोन पाहण्याच्या हत्याराला मराठी सुतार गुण्या म्हणतो आणि जबलपूरचा हिंदीभाषक सुतार गुनिया म्हणतो; हा शब्द फारसीतील गोनियाचा, आणि तो मूळ कोन या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा वंशज आहे. गुण्या कोन तपासतो, गेज कोन घडवते. म्हणून गुण्यातील चूक एका खुणेपुरती राहते, तर गेजमधील चूक त्याच्यावरून गेलेल्या प्रत्येक लाकडात उतरते. ही चूक किती महाग पडते, हे सुताराच्याच मापात मांडता येते. एक इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. अंशाच्या दहाव्या भागाची चूक ३०० मिलिमीटर रुंदीच्या फळीवर सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुताचा सहावा हिस्सा होते, आणि एखाद्या मांडणीच्या फळीत ती खपूनही जाते. परंतु चौकटीला चार कोपरे आणि आठ काप असतात. आठही काप एकाच दिशेने तेवढेच चुकले, तर ०.८ अंश साचतात आणि ६० मिलिमीटर रुंद पट्टीच्या चौकटीत शेवटचा कोपरा सुताच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक उघडा राहतो. चाकाची शिथिलता तापवून चढवलेली धाव थंड होताना काही अंशी आवळून घेते. चौकटीला अशी धाव नसते, तिच्या फटीत लाकडाचा भुसा आणि डिंक भरण्यापलीकडे उपाय उरत नाही.

गेज निवडताना म्हणूनच दोन प्रकारच्या चुकांत भेद करावा लागतो. पहिली स्थिर चूक : शून्याची खूण किंचित सरकलेली असते आणि प्रत्येक काप तितकाच चुकतो. दुसरी अस्थिर चूक : पट्टी खाचेत डुलते, डोके आवळताना हलते, आणि प्रत्येक काप वेगळा येतो. पहिली चूक एकदा मोजून कायमची काढता येते, दुसरीला जुळवणीचा इलाज चालत नाही; त्यामुळे खुणा थोड्या चुकलेले पण न डुलणारे गेज हे सुबक खुणांच्या डुलणाऱ्या गेजपेक्षा केव्हाही अधिक मोलाचे ठरते.

डुलण्याचे मूळ बहुधा पट्टीत असते. मोठ्या टेबल सॉवर खाचेचे रूढ माप पाऊण इंच रुंद आणि तीन अष्टमांश इंच खोल, म्हणजे सहा सूत बाय तीन सूत, असे आहे. परंतु लहान, उचलून नेण्याजोग्या यंत्रांची खाच अनेकदा वेगळ्या मापाची असते, म्हणून गेज घेण्यापूर्वी आपल्या यंत्राची खाच कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी मोजून घेणे ही पहिली पायरी होय. खाच आणि पट्टी यांच्यात ०.१ मिलिमीटर मोकळीक असेल आणि पट्टीचा ३०० मिलिमीटर भाग खाचेत असेल, तर डोके अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकेच वळू शकते. पण रुंद फळी कापण्यासाठी गेज मागे ओढले आणि खाचेत १०० मिलिमीटरच उरले, तर तीच मोकळीक तिप्पट प्रभावी होते. लांब पट्टी त्यामुळे चांगली, आणि जिच्या कडेला मोकळीक खाऊन टाकणारे फिरते स्क्रू किंवा फुगणाऱ्या चकत्या आहेत ती अधिक चांगली. साध्या पट्टीच्या कडेवर सेंटर पंचाने ठोके मारून धातू किंचित उठवण्याचा जुना उपायही कामी येतो, मात्र ते उठाव झिजतात आणि ठोके पुन्हा मारावे लागतात.

डोक्याची परीक्षा यानंतर येते. बहुतेक गेजमध्ये ०, २२.५, ३० आणि ४५ अंशांसारख्या नेहमीच्या कोनांवर खटके असतात, म्हणजे एक दात ठरावीक खोबणीत बसून डोके तिथेच थांबते. खटक्याचा लाभ असा की कोन बदलून पुन्हा पहिल्या कोनावर येताना डोळ्यावर विसंबावे लागत नाही. तोटा असा की खोबणीच चुकलेली असेल, तर डोके थोडे बाजूला लावू पाहताच दात ते पुन्हा खोबणीत ओढतो. ज्या गेजमध्ये खटक्यांची तबकडी सैल करून सूक्ष्म प्रमाणात सरकवता येते, किंवा दात बाजूला ठेवून मधल्या कोनावर डोके आवळता येते, ते गेज या पेचातून सुटते. काही गेजवर वर्नियर पट्टीही असते. १६३१ साली पिएर व्हर्निये याने प्रसिद्ध केलेल्या या युक्तीत मुख्य खुणांशेजारी किंचित लहान अंतराच्या खुणा ठेवतात, आणि त्यांपैकी कोणती खूण मुख्य खुणेशी तंतोतंत जुळते हे पाहून अंशाचा दहावा भाग वाचतात. तथापि बारीक वाचता येणे आणि बारीक कापता येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पट्टी डुलत असेल, तर वर्नियर शोभेपुरते राहते.

दर्शनी भागाबाबत नियम सोपा आहे : तो लांब, सपाट आणि करवतीच्या अगदी जवळपर्यंत पोचणारा असावा. मूळ गेजचे तोंड बहुधा आखूड असते, म्हणून त्यावर ॲल्युमिनियमची लांब पट्टी बसवतात. तिरक्या कापात लाकूड करवतीच्या ओढीने सरकते, ते रोखण्यासाठी तोंडाला पॉलिशचा कागद चिकटवतात. आणि समोरासमोरच्या बाजू एकाच लांबीच्या याव्यात म्हणून पट्टीवर सरकता थांबा ठेवतात. हा थांबा कोनाइतकाच महत्त्वाचा, कारण चौकटीच्या समोरासमोरच्या बाजूंत मिलिमीटरभर फरक पडला तरी कोपरा उघडतो आणि दोष विनाकारण गेजवर जातो.

विकत घेतलेल्या गेजची खरी पारख पाच कापांच्या चाचणीने होते, आणि तिला एका फळीच्या तुकड्यापलीकडे काही लागत नाही. त्याआधी करवत खाचेला समांतर आहे आणि टेबलाशी काटकोनात उभी आहे, एवढे पाहून घ्यावे लागते, नाहीतर यंत्राचा दोष गेजच्या नावावर मांडला जातो. मग फळीची एक बाजू कापायची, कापलेली बाजू गेजला टेकवून पुढची कापायची, अशा चारही बाजू फिरून झाल्यावर पहिल्याच बाजूची एक अरुंद चीप पाचव्या कापात काढायची, आणि तिच्या दोन टोकांची रुंदी कॅलिपरने मोजायची. फळी फिरवताना चूक चौपट होते. म्हणून ४०० मिलिमीटर लांब चिपेच्या टोकांत ०.८ मिलिमीटर फरक आला, तर दर कापाची चूक ०.२ मिलिमीटर, म्हणजे अंशाच्या सुमारे तीन शतांश ठरते. कोणते टोक रुंद आहे त्यावरून डोके कोणत्या दिशेला वळवायचे तेही कळते. ४५ अंशांसाठी चौकट हीच चाचणी : तीन कोपरे घट्ट मिटवले की चौथ्यात आठही कापांची बेरीज दिसते.

जबलपूरच्या हवेत मात्र या काटेकोरपणाला एक मर्यादा आहे. मे महिन्यातील कोरडे ऊन आणि त्यानंतर येणारा भर पावसाळा यांच्या दरम्यान लाकूड ओलावा घेते आणि सोडते, आणि हा फरक रेषेच्या लांबीत नगण्य, पण रुंदीत जाणवण्याजोगा असतो. लाकडाची रुंदी एका टक्क्याने आक्रसली, म्हणजे १०० मिलिमीटरची पट्टी ९९ झाली, तर अचूक ४५ अंशांचा काप सुमारे ४४.७ अंशांचा होतो, आणि सांधा आतल्या बाजूने उघडतो. लाकूड फुगले, तर तो बाहेरच्या बाजूने उघडतो. ही चूक अंशाच्या दहाव्या भागाच्या तिप्पट असल्याने, न वाळलेल्या लाकडासाठी अधिक महागडे गेज घेणे हा खर्च पाण्यात जातो. मध्य भारतातील वनांच्या अभ्यासासाठी १९८८ पासून कार्यरत असलेली उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था याच शहरात असावी, यात एक औचित्य आहे. लाकडी पट्टीचे घरगुती गेजही ओलाव्याच्या याच फरकामुळे पावसाळ्यात खाचेत अडकते आणि उन्हाळ्यात डुलते, म्हणून पट्टी तरी धातूची असावी.

अचूकतेच्या ओढीत एक धोका विसरता येत नाही. आडवे कापताना लाकूड एकाच वेळी गेजला आणि बाजूच्या लांब आधारपट्टीला टेकवले, तर सुटलेला तुकडा पट्टी आणि फिरती करवत यांच्यात अडकून कारागिराकडे वेगाने फेकला जातो. लांबी राखण्यासाठी गेजवरचा थांबाच वापरावा, हा नियम कोणत्याही मोजमापाच्या वर आहे.

गन कॅरेज फॅक्टरीतून आता लाकडी चाके निघत नाहीत. ८ एप्रिल २०१९ रोजी तिथून १५५ मिलिमीटरच्या धनुष तोफांची पहिली तुकडी लष्कराच्या स्वाधीन झाली. सुमारे ३८ किलोमीटर पल्ल्याच्या त्या तोफेसाठी अंशाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे पल्ल्याच्या टोकाला साठ मीटरहून अधिक अंतर, आणि म्हणून तिथे कोन मोजण्यासाठी वेगळी, महागडी साधने असतात. सुताराला तेवढे लागत नाही. घट्ट बसणारी पट्टी, दुरुस्त करता येणारे शून्य आणि वाळलेले लाकूड एवढे असले, तर त्याचा चौथा कोपरा मिटतो. आणि तो मिटतो की नाही हे पावसाळा सरल्यावर रद्दी फळीच्या एका चिपेवर पुन्हा पाहून घेणे, हा या उपकरणाच्या निगेचा भाग आहे.